कानाने वाचलेला ग्रंथ

कोपरीच्या विहाराला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक, वस्तीने स्वतःच्या हिमतीवर बांधलेला सभामंडप आणि दुसरी, दगडूदादांचा आवाज. मंडपाच्या रंगावरून कमिटीत अजून कुरबुरी चालायच्या, पण आवाजाबद्दल एकमत होतं. त्या एकमतात खुद्द दगडूदादाही सामील होते. खोटा विनय त्यांच्या अंगात कधी नव्हताच आणि म्हातारपणी तो शिकून घ्यावा असं त्यांना वाटलंही नाही.

आषाढी पौर्णिमेला पावसाळ्याच्या महिन्यांतलं वर्षावासाचं व्रत सुरू झालं की विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होई, ते थेट आश्विन पौर्णिमेपर्यंत. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. अंगात पांढरे कपडे, समोर उतरत्या पाटावर ग्रंथ, आणि वागळे इस्टेटच्या कारखान्यात लेथ मशिनच्या घरघरीला पुरून उरलेला तो खर्जातला आवाज. माईक असायचा, पण दादा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. पंख्याखाली पेंगणारी माणसं त्यांचं पहिलं वाक्य ऐकून सावरून बसत. शेवटच्या दिवशीचं समाप्तीचं वाचन दादांनीच करायचं, हे तर विहार बांधला तेव्हापासून ठरून गेलेलं.

आणि यंदा दादांना अक्षर दिसत नव्हतं.

डोळ्याच्या पडद्याचं दुखणं होतं. डॉक्टर म्हणाले होते, कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. अगदी तसंच झालं. रस्ता दिसे, रिक्षा दिसे, समोरच्या माणसाचे कान दिसत, पण नाक दिसत नसे. ग्रंथ उघडला की पानाच्या चारी कडा स्वच्छ, आणि मजकूर असायला हवा तिथे राखाडी डाग. हे त्यांनी घरात सांगितलं, विहारात नाही. विहारात सांगितलं तर काय होईल ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. माणसं चांगली होती, हीच तर अडचण होती. ती हळहळली असती. त्यांनी शाल आणली असती, पुष्पगुच्छ आणला असता, पहिल्या रांगेत गादीची खुर्ची टाकली असती आणि पाटासमोर दुसऱ्या कुणाला तरी बसवलं असतं.

"माझा सत्कार करतील गं," दादा बायकोला म्हणाले. पोलीस पकडून नेणार असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"करू द्या की," शकूबाई म्हणाल्या. "शाल मला होईल."

शेवटी मार्ग काढला तो मुलीने. स्वप्ना लग्न होऊन डोंबिवलीला गेलेली, पण नोकरी वागळे इस्टेटमध्येच. जिथे बापाचा कारखाना होता त्याच रस्त्यावर आता काचेची इमारत उभी होती आणि तिच्यात बसून ती दुसऱ्यांनी बनवलेली सॉफ्टवेअर कुठे चुकतात ते शोधायची. दादा लोकांना सांगताना म्हणायचे, दुसऱ्याच्या कामात खोड काढायचा पगार मिळतो तिला, आईवर गेली आहे.

तिने ग्रंथाच्या पानांचे फोटो काढले, एका अॅपमधून त्यांचा मजकूर करून घेतला आणि त्यातल्या चुका जेवणाच्या सुट्टीत बसून दुरुस्त केल्या. मग एके दिवशी दादांच्या हातात त्यांचाच फोन दिला. पडद्यावर एक टिचकी मारली की फोनमधली बाई एक वाक्य वाची. दुसरी टिचकी, दुसरं वाक्य.

"म्हणजे वाचणार ती, आणि मी काय करणार? नुसते ओठ हलवणार?" दादा भडकले.

"बाबा, ती कानात सांगणार, तुम्ही मोठ्याने म्हणणार."

"मला नाही जमणार असली नाटकं. फोनवर बोट ठेवलं की भलतंच काहीतरी उघडतं. परवा नुसता हात लागला तर वीजबिलवाल्याला फोन लागलेला."

स्वप्नाने फोन काढून घेतला आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या कारखान्यात तो टूल बोर्ड होता ना?"

ती बापाला बरोबर ओळखून होती. टूल बोर्ड हा दादांचा हळवा विषय. भिंतीवर फळी, फळीवर प्रत्येक हत्याराची लाल रंगात काढलेली आकृती. पान्याच्या जागी पाना, कॅलिपरच्या जागी कॅलिपर. काम झालं की हत्यार आपल्या आकृतीवर गेलंच पाहिजे. दिवे गेले तरी दादांचा हात अंधारात नेमक्या पान्यावर पडायचा. हा बोर्ड त्यांनी स्वतः रंगवला होता आणि नवीन येणाऱ्या प्रत्येक कामगाराला मशिनच्या आधी तो दाखवला होता.

"तुमच्या फोनचा टूल बोर्ड करून देते," ती म्हणाली. "फालतू सगळं काढून टाकते. उजव्या कोपऱ्यात खाली ग्रंथ, डाव्या कोपऱ्यात माझा नंबर, वरच्या कडेला विमानाचं चिन्ह. बाकी फळी रिकामी."

इतकं सांगितल्यावर माणूस नाही कसा म्हणेल? दादांनी दोन दिवसांत फोन हाताखाली घातला. एवढ्यावर थांबतील तर ते दादा कसले! त्यांनी सगळ्या घराचाच टूल बोर्ड केला. काठी दाराच्या मागे, चष्मा टीव्हीच्या डाव्या अंगाला, डोळ्यांचे थेंब फ्रिजच्या दारात, गॅसच्या बटणांना रबरबँड, चहाच्या डब्याला एक गाठ आणि साखरेच्या डब्याला दोन. शकूबाईंनी मीठ चुकून दुसऱ्या फळीवर ठेवलं की घरात लेक्चर सुरू. "घेतलं तिथे ठेवलं, एवढाच नियम आहे," दादा गरजायचे. शकूबाई आधी वैतागल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की हल्ली आपलंही काही हरवत नाही. पण हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही. माणूस आधीच फुगलेला.

स्वप्नाने एकच गोष्ट बजावून सांगितली होती. "बाबा, फोनला ग्रंथ कुठला आणि मेसेज कुठला हे कळत नाही. पडद्यावर येईल ते सगळं तो बोलणार. म्हणून वाचायला बसायच्या आधी विमानाचं चिन्ह दाबायचं. नेटवर्क बंद, कटकट बंद. रोज."

म्हणून रोज विहारात निघताना उंबऱ्यावर एक प्रश्नोत्तर होई. शकूबाई विचारत, "विमान?" दादा म्हणत, "उडालं." मग दोघं निघत.

वाचताना फोन पाटाआड मांडीवर राही. राहता राहिली ती कानातली वायर. ती दादांनी सदऱ्याच्या आतून वर घेतली आणि भिंतीकडच्या कानात घातली. कुणी विचारलंच तर म्हणायचे, कानाचं मशीन आहे. आंधळ्या वाचकापेक्षा बहिरा वाचक बरा, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे त्या पावसाळ्यात अर्धी कोपरी त्यांच्याशी ओरडून बोलत होती. वाचन मात्र असं रंगलं की विचारू नका. फोनमधली बाई वाक्य सांगेपर्यंत दादांना थांबावं लागे, आणि ऐकणाऱ्यांना वाटे, काय हे मनन! "दादा हल्ली किती शांतपणे वाचतात, प्रत्येक वाक्य आत उतरतं," असं विहाराचा सेक्रेटरी राजरत्न जाहीरपणे म्हणाला. दादांनी मान डोलावली. ते कौतुकही त्यांनी जागच्या जागी ठेवून दिलं.

भाद्रपद संपत आला तेव्हा हात, कान आणि तोंड यांची अशी गट्टी जमली होती की डोक्याची गरजच पडेना. कानात आलं की तोंडातून बाहेर. इथेच घात झाला.

त्या रविवारी विहारात साफसफाई होती, म्हणून शकूबाई दुपारीच पुढे गेल्या. दादा एकटे निघाले. उंबऱ्यावर विचारणारं कुणी नव्हतं. विहारात पोहोचले तर राजरत्नने माईक घेऊन घोषणाच केली, की समाप्तीचं वाचन यंदाही आपले दगडूकाका करतील, तेच आपल्या विहाराचा आवाज आहेत. टाळ्या वाजल्या. दादांची छाती अशी काही फुगली, की तिच्यापुढे ते एवढंसं विमान कुणाला आठवणार?

वाचन सुरू झालं. भगवंत भिक्खूंना घेऊन एका गावाबाहेर आले होते, आमराईत उतरले होते, गावकरी दर्शनाला लोटले होते. मंडपात टाचणी पडली तर ऐकू यावी इतकी शांतता. दादांनी टिचकी मारली. कानात बाई बोलली. आणि दादांनी त्याच धीरगंभीर आवाजात, प्रत्येक शब्दाला वजन देत म्हटलं,

"स्वप्नाकडून नवीन संदेश. बाबा, घरी आलेय. येता येता बोंबील आणलेत, फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवलेत. आईला म्हणावं, आजच तळून टाक."

क्षणभर कुणाला काही कळेना. पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी तर सवयीने हात जोडले. मग मागून एक खुसखुस फुटली आणि सगळा मंडप हसायला लागला. भर वर्षावासात, व्रतस्थ मंडळींसमोर, बोंबील! राजरत्नही हसत हसत पाटापाशी आला. ग्रंथात डोकावला आणि त्याचं हसू थांबलं. वाचन चालू होतं आमराईचं, आणि उघडी पानं कुठल्यातरी भलत्याच प्रकरणाची होती. मग त्याला सदऱ्यातून वर गेलेली वायर दिसली आणि वायरच्या टोकाला उजळलेला फोन दिसला.

"काका," तो हळूच म्हणाला, "तुम्हाला दिसत नाही?"

दादांनी आयुष्यात पहिल्यांदा मंडपात हळू आवाजात उत्तर दिलं. "नाही."

राजरत्नने उरलेलं पान स्वतः वाचून त्या दिवशीचं वाचन आटोपलं. घरी आल्यावर स्वप्ना हकीगत ऐकून आधी पोट धरून हसली आणि मग बापाचा चेहरा बघून पानं वाढायला उठली. बोंबील तळले गेले, पण दादांनी ताटाला हात लावला नाही. शकूबाईंनी काय समजायचं ते समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राजरत्न घरी आला. जय भीम झालं, पाणी झालं. पोरगा बँकेत नोकरीला, बोलायला गोड.

"काका, कुणाच्या मनात काही नाही," तो म्हणाला. "पण काही लोकांचं म्हणणं पडलं, की वाचन ते वाचन. ऐकून म्हटलं तर ते वाचन कसं? आणि तुम्हाला तरी किती त्रास द्यायचा? समाप्तीला वाचायला आम्ही दुसरं कुणीतरी बघतो. तुम्ही समोर बसा, खुर्चीवर. तुमचा छानसा सत्का—"

"नाव घेऊ नकोस," दादा म्हणाले.

चहा घेऊन आलेल्या शकूबाई तिथेच थांबल्या. एरवी त्या पुरुषांच्या बोलण्यात पडायच्या नाहीत असं नाही, चांगल्या पडायच्या, पण विहाराच्या कारभारात कधी बोलल्या नव्हत्या.

"राजू, तुला पंचशील कुणी शिकवलं रे?"

"तुम्हीच की काकी. तुमच्या ओट्यावर."

"तुला वाचता येत होतं?"

"एवढासा होतो मी. कसं येणार?"

"मलाही येत नव्हतं. अजून येत नाही, सही तेवढी येते. मी माझ्या सासूचं ऐकलेलं, तू माझं ऐकलंस. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं, असंच आलंय ना आपल्यापर्यंत सगळं? मग ते पण खोटं काय?" शकूबाईंनी कप खाली ठेवला. "आणि खरं सांगू? ती वायर मला कुणी दिली असती ना, तर मी पण एखादं पान वाचलं असतं. जन्मभर ऐकत आलेय. कधीतरी त्या पाटापुढं बसावं असं माणसाला वाटत नाही काय?"

राजरत्न खाली बघायला लागला. पण खरा हादरला तो दगडू. सगळ्या वस्तीला ग्रंथ ऐकवणाऱ्या माणसाला, आपल्या शेजारी झोपणाऱ्या बाईला तो वाचावासा वाटतो, हे इतक्या वर्षांत कधी सुचलंच नव्हतं. चहाचा डबा कुठे, साखरेचा कुठे, ते त्याने नेमून दिलं होतं, आणि हिला मात्र कायमचं समोरच्या सतरंजीवर बसवून मोकळा झाला होता. त्याला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त, बायकोचा अभिमान वाटला. केवढं बोलली! तेही माईकशिवाय.

"राजरत्न," दादा म्हणाले, "रविवारी मला दोन मिनिटं दे. सगळ्यांसमोर. मग लोक म्हणतील तसं करू."

रविवारी मंडप गच्च भरला होता. बोंबलांची बातमी टेंभी नाक्यापर्यंत पोहोचली होती म्हणतात. दादा पाटापुढे उभे राहिले. त्यांनी वायर सदऱ्यातून सरळ बाहेर ओढली, फोनमधून उपटली आणि फोन सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"मला आषाढापासून अक्षर दिसत नाही. मी लपवलं. कानाचं मशीन म्हणून सांगितलं, तेही खोटं. मला चांगलं ऐकू येतं, तेव्हा कृपा करून माझ्याशी ओरडून बोलणं बंद करा." लोक हसले. "आता हे ऐका."

त्यांनी टिचकी मारली. फोनमधली बाई मंडपात बोलली. आमराईत भगवंत उतरल्याचं तेच वाक्य, सपाट, कोरडं, स्टेशनवर गाडीची सूचना द्यावी तसं. मग दादांनी एक श्वास घेतला आणि तेच वाक्य म्हटलं. त्यांच्या तोंडून आमराई आली तशी सावली आली, चालून दमलेले पाय आले, पाण्याचे हंडे घेऊन धावत आलेली गावची माणसं आली. मंडपात पुन्हा ती जुनी शांतता पसरली.

"ती शब्द सांगते," दादा म्हणाले. "वाचतो मी. आता तुम्ही ठरवा."

ठरवायला फार वेळ लागला नाही. मागून कुणीतरी "साधू" म्हणत होकार दिला, मग सगळेच म्हणाले. ज्यांनी शंका काढल्या होत्या तेच सगळ्यात मोठ्याने म्हणाले. दारात उभी असलेली स्वप्ना रडत होती आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती, ते अॅप मी बसवलंय, पण बाकीचं सगळं बाबांचं. वाचन संपल्यावर आजीबाईंनी तिला गराडाच घातला. आमच्याही फोनमध्ये बसवून दे गं, माझेही डोळे गेलेत, मला तर मुळातच अक्षर येत नाही. बिचारीच्या कितीतरी जेवणाच्या सुट्ट्या त्यात गेल्या.

आश्विन पौर्णिमा आली. मंडपाबाहेर खिरीची पातेली उकळत होती, आत पांढऱ्या कपड्यांच्या रांगा लागल्या होत्या. राजरत्नने पहिल्या रांगेत गादीची खुर्ची टाकली होती, पाहुण्यांसाठी. दादा पाटापुढे बसले आणि असे वाचले की जुनी माणसं म्हणाली, हा आवाज म्हातारा होतच नाही. वायर उघड्यावर, फोन पाटावर, सगळं जगाच्या समोर. शेवटचं पान राहिलं तेव्हा ते थांबले. फोनमधल्या बाईसाठी नाही. त्यांनी कानातली वायर काढली आणि सतरंजीकडे हात केला.

"शकू, ये."

मंडपात कुजबुज सुरू झाली. घरात पंधरवडाभर दार लावून काय सराव चालला होता, तो या दोघांनाच ठाऊक. शकूबाई उठल्या. पदर सारखा केला, प्रतिमांना वंदन केलं आणि जिच्यासमोर जन्मभर बसल्या त्या जागेवर जाऊन बसल्या. दादांनी वायर त्यांच्या हातात दिली.

"विमान?" दादांनी हळूच विचारलं.

"कधीच उडालं," शकूबाई म्हणाल्या.

दादा वळले. बसायला एकच जागा रिकामी होती. ती गादीची खुर्ची, तीच ती, पहिल्या रांगेतली. दादा तिच्यात जाऊन ऐसपैस बसले.

शकूबाईंनी टिचकी मारली. पहिलं वाक्य बारीक निघालं, दुसरं जरा मोठं. तिसऱ्याला त्यांनी फोनमधल्या बाईचं संपायची वाटही पाहिली नाही, कारण ते वाक्य त्यांना केव्हापासून पाठ होतं. समोर पाहिलं की दादांना त्यांचा चेहरा दिसेना, मधल्या डागात जाई. म्हणून त्यांनी मान थोडी वळवली आणि डोळ्याच्या कडेने पाहिलं. तिथून सगळं दिसत होतं. पांढरा पदर, कानातली वायर, आणि ओठ.

राजरत्न वाकून त्यांच्या कानाशी आला. "काका, काकी एवढं सुंदर वाचतात, कधी बोलला नाहीत तुम्ही?"

"गप्प बस," दगडूदादा सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "माझी बायको वाचतेय."